चार कोपऱ्यांचं पाणी

चार दिवस झाले, झड लागली आहे. आमच्या रायपूरची झड मोठी सोशिक. गडगडाट नाही, वारा नाही, नुसतं आपलं बसल्या बसल्या पडत राहतं. वाळत घातलेले टॉवेल तिसऱ्या दिवशी कुबट वास मारायला लागतात, मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसतो, आणि फाटकाजवळचा कडुनिंब इतका हिरवा होतो की त्याच्याखाली उभं राहिलं तर आपले हातही हिरवट दिसतात. आज सकाळी जराशी उघाडी मिळाली. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला, खिडकीतून अंगणातल्या माझ्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेबी, पाइप काढ वं."

पन्नाशी उलटली तरी मी बेबीच. नवा रायपुरातल्या माझ्या ऑफिसात हे नाव अजून कोणाला कळलेलं नाही, हे माझं नशीब. पाइप काढ म्हटलं की पुढे काय करायचं ते मला पाठ आहे. बाहेर आधी कितीही पडलेलं असो, आमच्या घरचा पावसाळा त्या पाइपाशिवाय सुरू झाला असं धरत नाहीत. गाडीच्या छताला सरकणारी काच आहे, आणि त्या काचेभोवतीच्या पाण्याची दर वर्षी परीक्षा घ्यावी लागते.

काचेच्या छताची गाडी मी निव्वळ हौसेनं घेतली होती. ती दारात आली तेव्हा बाबांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "छताले एवढं मोठं भोक पाडलं, त्याच्यावर काच ठेवली, अन् तू ते आनंदानं घरी घेऊन आली."

त्यांचं बोलणं समजून घ्यायचं तर त्यांची नोकरी सांगायला हवी. बाबा रेल्वेत होते, मालगाडीचे डबे तपासायला. इकडचा तांदूळ ज्या बंद डब्यांतून देशभर जायचा, त्यांच्या छताला कुठे भोक आहे का हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्याला काही यंत्र नव्हतं. भर दुपारी रिकाम्या डब्यात शिरायचं, बाहेरच्या माणसाला दारं लावून घ्यायला सांगायचं आणि अंधारात उभं राहून वर बघायचं. सुईएवढं भोक असलं तरी उजेडाची रेघ आत उतरते. रेघ दिसली तर डबा दुरुस्तीला, नाही दिसली तर बाहेर येऊन दारावर खडूनं 'पास' लिहायचं. त्या भोकांना आमच्या घरी चांदण्या म्हणत. बाबा घामानं निथळत घरी आले की आई पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायची, "आज किती चांदण्या सापडल्या?" माझ्या बाबांना दिवसा चांदण्या मोजायची नोकरी आहे, असं मी शाळेत सगळ्यांना सांगत असे.

गाडीच्या बाबतीत आईनं त्यांना एका वाक्यात गप्प केलं. "तुमचे डबे तांदळासाठी होते," ती म्हणाली, "हे माणसांसाठी आहे."

तीन वर्षांपूर्वीचा तो पावसाळा आईचा होता. तिच्या किडन्या थकल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे. शरीरात गेलेलं पाणी बाहेर पडत नसे. पाय सुजून येत, चेहरा सकाळी वेगळाच दिसे. त्यामुळे तिला दिवसभरात मोजून पाणी, एवढीशी वाटी. जन्मभर तांब्यानं पाणी पिणारी बाई, ती बर्फाचा खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायची. घरात नळ वाहिला तरी तिचं लक्ष तिकडे जाई. मला ते पाहवत नसे, म्हणून मी नळ चालू ठेवणाऱ्यावर उगाच खेकसायची. माझा रागच तसला आहे, जिथे निघायला पाहिजे तिथे निघत नाही आणि नळावर निघतो.

गाडीत मात्र आई सुखात असे. तिची सीट मी मागे पाडून द्यायची, म्हणजे ती जवळजवळ आडवी व्हायची. तिच्या डोक्याशी, मागच्या सीटवर बाबा, मांडीवर नॅपकिन घेऊन. आतला पडदा सरकवला की सगळं आकाश काचेतून तिच्यावर यायचं. दवाखाना नवा रायपुरात, तिकडचे रस्ते रुंद आणि रिकामे, त्यामुळे गाडी एका लयीत चालायची. पाऊस असला की ती बोलायला लागायची. मी गाडी चालवायची, बाबा ऐकायचे. मला आजही त्या रस्त्यांवरून जाताना पुढचं काही दिसत नाही, तिचा आवाजच ऐकू येतो.

"बेबी, थेंब मागं मागं पळून राहिले वं. तू हळू केली का थांबतात. हा एक आळशी आहे, हलतच नाही. आता त्याले दुसरा येऊन भेटला, चालले दोघं." झाडाखालून गेलो की पानं तिच्यावरून सरकत जायची आणि ती गुलमोहर, पिंपळ, करंज अशी ओळखून सांगायची, खालून पाहून. एकदा सिग्नलवर एक पारवा काचेवर येऊन बसला. त्याचे गुलाबी पाय तिला तळव्याकडून दिसले. घरी आल्यावर दोन दिवस ती त्या पायांबद्दल सांगत होती. तहानलेलं माणूस पाण्याच्या खाली पाठ टेकून पडलेलं आणि थेंबभरही अंगावर येत नाही, तरी ती खूश होती. यात काय सुख होतं ते तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एका खेपेला ब्रेक मारला आणि काचेच्या कोपऱ्यातून एक थेंब सुटून तिच्या कपाळावर पडला. ती हसली. "आलं बाई एकदाचं," म्हणाली. बाबा हसले नाहीत. त्यांनी नॅपकिननं तिचं कपाळ पुसलं आणि घरी येईपर्यंत त्या कोपऱ्यावरची नजर काढली नाही. तिच्या आजारात त्यांच्या हाताला करण्यासारखं काही नव्हतं. औषधांची नावं त्यांना उच्चारता येत नसत, डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलायचे. पण छतातून पाणी गळणं हा त्यांचा विषय होता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दुसऱ्याच्या गाडीतून गेले आणि बाबांना माझी गाडी मोकळी मिळाली. त्यांनी काचेवर, कडा उघड्या ठेवून, गोधडी अंथरली, खिडक्यांना घरातल्या चादरी लावल्या, दारं बंद केली आणि आत बसून चांदण्या शोधल्या. आईनं नंतर सांगितलं, अर्धा तास गाडीत हालचाल नाही, हे झोपले का काय बघायला ती काठी घेऊन बाहेर गेली होती. चांदणी एकही नव्हती. मग त्यांनी काच उघडली, स्टुलावर चढले आणि वरून पाहिलं. काच जिथे टेकते त्या रबराच्या आत, चौकटीला धरून, एक पन्हाळीसारखी खाच होती आणि तिच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत पेन्सिलीएवढी दोन भोकं. तांदळाच्या डब्याच्या छतात असं भोक सापडलं असतं तर त्यांनी डबा रुळावरून हलू दिला नसता. त्यांनी दोन रंगांची पुट्टी मळली आणि दोन्ही भोकं बुजवली. अंगठ्यानं दाबून, गुळगुळीत करून. संध्याकाळी मी आले तेव्हा ते खुर्चीत बसून खुशीत पाय हलवत होते. किती तरी दिवसांनी पाय हलवत होते.

त्याच आठवड्यात दवाखान्यातून परतताना मुसळधार लागली. आई डायलिसिस करून गळून गेलेली, डोळे मिटून पडलेली. पुढे गाय आली, मी करकचून ब्रेक मारला आणि छताच्या कापडाच्या कडेतून पाणी भसकन आईच्या तोंडावर आलं. गार, काळपट, निंबाच्या काड्या तरंगणारं पाणी. ती दचकून उठायला गेली, उठता येईना, ठसका लागला. बाबा नॅपकिन घेऊन पुसत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "असं कसं, असं कसं."

साहू भैया म्हणजे शंकर नगराच्या पुढे गाडीच्या काचा आणि रबरं बसवणारे एक शांत गृहस्थ. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले ती भांडायच्या तयारीनंच. म्हटलं रबर खराब आहे, बदलून द्या. त्यांनी काच उघडली, आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "दीदी, ये किसने किया?"

मग त्यांनी मला नीट समजावलं. रबर त्यांनी बोटानं दाबून दाखवलं, आतून पोकळ, वरून मखमलीसारखं. "ये पानी को मना नहीं करता, दीदी. धीमा करता है बस." रबर फार घट्ट बसवलं तर काच सरकत नाही, सैल बसवलं तर वारा शिट्टी वाजवतो, आणि आमच्या मे महिन्याच्या उन्हात ते दर वर्षी थोडं कडक होतं, थोडं आकसतं. म्हणजे थोडं पाणी आत येणारच. म्हणून रबराच्या आत ती पन्हाळी आणि तिच्या चारही कोपऱ्यांना चार नळ्या, दोन पुढे आणि दोन मागे काचेखाली लपलेल्या. त्या गाडीच्या खांबांतून उतरतात आणि चाकांजवळ पाणी जमिनीवर सोडतात. पहिला थेंब पडला तो कडुनिंबाच्या बारीक फुलोऱ्यानं एक नळी चोंदली म्हणून. ती फुंकून साफ करायची होती. बाबांनी तर पुढच्या दोन्ही बंद केल्या. पाणी साचत गेलं आणि ब्रेक लागला तसं पुढे येऊन सांडलं.

मला अजून त्या माणसाचं नवल वाटतं, ज्यानं हे कुठेतरी टेबलावर बसून आखलं असेल. त्याला स्वतःच्या रबराची खात्री नव्हती आणि ते त्यानं कबूल केलं. पाणी येणार, हे धरूनच त्यानं त्याला जायला जागा ठेवली. आपण आपल्या माणसांच्या बाबतीत एवढंही धरून चालत नाही. पण हे शहाणपण आजचं. तेव्हा मी साहू भैयांनी खरवडून काढलेली पुट्टी हातात घेऊन घरी आले आणि ती बाबांच्या पुढ्यात, टेबलावर ठेवली.

"चाळीस वर्षं भोकं शोधलीत तुम्ही," मी म्हणाले. "काही भोकं ठेवायची असतात, एवढंही समजलं नाही? आई बुडून मेली असती तिथल्या तिथे."

त्यांनी पुट्टीचे ते दोन गोळे उचलले. एकावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. "म्हणजे पाणी बाहेर जायची वाटच मी बंद केली," ते म्हणाले आणि पलंगावर पाय लांब करून बसलेल्या आईकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. त्या दिवशी तिचे पाय फार सुजले होते. बाबा काय पाहून राहिले आहेत ते मला कळलं आणि मी बोललेलं सगळं परत घ्यावंसं वाटलं. पण माझ्या जिभेला परत घ्यायची सवय नाही.

त्यानंतर बाबा माझ्या गाडीत बसेनात. ओरडले नाहीत, रुसले नाहीत, फक्त आम्ही निघालो की छत्री घेऊन कोपऱ्यावर जायचे आणि ऑटो करून मागून यायचे. दवाखान्याच्या दारात अर्धे भिजलेले उतरायचे. "मी मागून येतो, तुम्ही व्हा पुढं," एवढंच. अशा तीन खेपा झाल्या. तिन्ही खेपांना आईनं पडदा उघडू दिला नाही. "राहू दे," म्हणायची, "ते नाहीत तर कोणाले सांगू?" डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढचा पावसाळा धरू नका. ते बाबांना ठाऊक नव्हतं, आईला बहुधा होतं. काचेवर पाऊस वाजत राहायचा आणि ती मिटलेल्या पडद्याखाली पडून राहायची. प्रत्येक खेपेला मला वाटायचं, माझ्या एका वाक्यानं मी तिचा पाऊस बंद केला. आणि तरी मी बाबांना सॉरी म्हटलं नाही. आमच्या घरात असं म्हणतात कुठे?

हरेली आली, इकडचा पावसाळ्यातला शेतकऱ्यांचा सण. गाई राखणारा राऊत दारोदारी कडुनिंबाची डहाळी खोचत आला, तेव्हा आईनं त्याच्याकडून एक गाडीलाही लावून घेतली. मग ऊन पडलं, आणि ती काठी टेकत अंगणात गेली, माझा हात धरून गाडीत चढली, आपल्या सीटवर आडवी झाली आणि दार लावून घेतलं. खिडकीतून बाबांना हाक मारली.

"अहो, ही गाडी पास करा."

"साहूनं केली ना साफ," बाबा ओट्यावरून म्हणाले.

"साहू काय रेल्वेत होता? तुम्ही पास केल्याबिगर मी हिच्यात बसणार नाही. डायलिसिसलेही जाणार नाही." आणि तिनं काच वर केली. ती बोललेलं करायची, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

मी पाइप जोडला आणि छतावर पाणी सोडलं. बाबा ओट्यावरून उतरले. मग धोतर सावरून पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, मान वाकडी करून खाली पाहू लागले. आधी काहीच नाही. मग एक बारीक धार आली, निंबाच्या दोन काड्या घेऊन. बाबांनी तिच्याखाली ओंजळ धरली. तिथून दुसऱ्या चाकाशी, मग मागे. गुडघ्यांवर चिखल, पाठ भिजलेली, आणि आवाज त्यांचा जुना, यार्डातला: "पुढचं डावं चालू. पुढचं उजवं चालू. मागचं डावं चालू." चौथ्या कोपऱ्याला पाणी यायला वेळ लागला तेव्हा आम्ही तिघंही श्वास धरून होतो. "हव, चालू," बाबा म्हणाले. ते छत्तीसगडी 'हव' त्यांना फक्त फार आनंद झाला की तोंडात येई. आत आई काचेतून वर पाहत पडली होती, आणि पाण्याच्या लाटा उन्हातून तिच्या तोंडावरून सरकत होत्या. बाबांनी घरातून नोकरीतला जुना खडू आणला आणि तिच्या दारावर लिहिलं, 'पास'.

पुढची खेप आम्ही तिघांनी एकत्र केली, आणि त्यानंतरच्या सगळ्या. पोळ्यापर्यंत पाऊस पुरला. आई वर पाहून बोलायची आणि बाबा मागे बसून काचेच्या कडेचं रबर पाहत राहायचे, डोळ्यांत तेल घालून. "अहो, काहून कडेले पाहता? मधे पाहा ना जरा," ती म्हणायची. "पाहतो, पाहतो," ते म्हणायचे आणि नजर पुन्हा रबरावर. थेंबही आत आला नाही. दसऱ्याच्या आधी आई गेली, घरीच, सकाळी. बाबा रडले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी देत होते, चपला सरळ लावत होते. तीन वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलेलं नाही. गाडीत अजून ते मागेच बसतात. आईच्या सीटवर माझी पर्स आणि डबा.

तर आज सकाळी पाइप काढला. बाबा चाकाशी बसायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. गुडघे वाकेनात. दाराला धरून तसेच उभे राहिले. "होत नाही वं," म्हणाले. मी म्हटलं, मी पाहते खालचं, तुम्ही आत बसून रबर पाहा, ते जास्त महत्त्वाचं. पर्स आणि डबा उचलून मी पुढचं दार उघडलं. त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नुसतं दार धरून ठेवलं, हे माझ्या मानानं पुष्कळच झालं. ते आईच्या जागी बसले. सीट मागे पडलेलीच होती, मी ती कधी उभी केली नव्हती. ते हळूहळू आडवे झाले.

पाइप छतावर ठेवला आणि मी खाली बसले. "पुढचं डावं चालू, बाबा." चिखलातून पलीकडे गेले. "पुढचं उजवं चालू. मागचं उजवं चालू." मागून डावीकडे आले. "चारही चालू, बाबा. पास." मी उठून दार उघडलं.

ते वर पाहत होते. कडेला नाही, मधे. काचेवरून पाणी लाटालाटांनी जात होतं आणि त्याची सावली त्यांच्या कपाळावरून, दाढीच्या पांढऱ्या खुंटांवरून सरकत होती.

"तुझ्या आईले असंच दिसे?"

"हो, बाबा."

"मधे पाहा म्हणत होती ती," ते म्हणाले. "मी सारा वेळ रबरच पाहून राहिलो, बेबी."

आणि मग त्यांना रडू आलं. तोंड न झाकता, वर पाहतच. तीन वर्षांचं होतं ते, आणि कदाचित त्याच्या आधीचंही. मी दार हळूच लावून घेतलं आणि पुढच्या चाकाशी जाऊन बसले. टाकीतलं पाणी संपत आलं असणार, आणि असा वाहता नळ मी कधी कोणाला चालू ठेवू दिलेला नाही. चारही कोपऱ्यांतून धार लागली होती. मी नळ चालूच ठेवला.